सहा तासांचा पाहुणा



माझ्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "अरे, गोदावरीत आगबोट कधीपासून शिरू लागली?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपली गोदावरी मोठी मानी नदी आहे. पश्चिमेचा समुद्र त्र्यंबकापासून इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ती चौदाशेहून अधिक किलोमीटर चालत पूर्वसमुद्राला जाते. अशा नदीच्या काठी बसून मुंबईच्या धक्क्यावरच्या आगबोटींची कथा सांगणे म्हणजे तिच्या मर्जीविरुद्ध वागणेच आहे. पण माझा नाइलाज आहे. माझा जन्म पंचवटीतला आणि पोट भरले ते मुंबई बंदरात. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचा परवाना खिशात आणि आकड्याची पाटी हातात घेऊन मी वीस-बावीस वर्षे आगबोटीतून उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना मुंबई दाखवीत होतो. सकाळी त्यांना घ्यावयाचे, सायंकाळपूर्वी बोटीवर पोचते करावयाचे. मधले जे सहा तास, त्यांविषयी आज मला बोलावयाचे आहे.

प्रथम हा उतारू कोण, ते सांगितले पाहिजे. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर पूर्वी जी माणसे उतरत, ती कोठे तरी जावयास निघालेली असत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायत मुंबईच्या जवळ आली. पुढे तर धक्क्यालगतच रेल्वेचे स्टेशन झाले. बोटीतून उतरून थेट उत्तरेकडच्या गाडीत बसावे, अशी सोय होती. त्या माणसाला आगबोट हे वाहन होते. आजच्या क्रूझच्या उतारूला आगबोट हेच गाव आहे. त्याची खोली, खाणावळ, नाटकगृह, पोहण्याचा तलाव सारे बोटीवर. बोट रोज नव्या बंदराला लागते आणि बंदर ही त्याची दिवसाची सहल असते. परवा कोलंबो, काल कोची, आज मुंबई, उद्या समुद्र. मुंबईला तर आता या उतारूंसाठी नवी भव्य इमारत झाली आहे. २०२५ साली तिचे उद्घाटन झाले. गोव्यालाही मुरगावच्या धक्क्यावर अशाच बोटी लागतात आणि उतारूंना जुने गोवे, मंगेशी आणि फोंड्याकडची एखादी मसाल्याची बाग दाखवून परत आणतात.

या माणसाची टिंगल करणे फार सोपे आहे. डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, सहा तासांत हिंदुस्थान पाहून झाला म्हणणारा. मीही पहिली काही वर्षे मनातून त्याला हसतच होतो. ज्युल्स व्हर्नने त्याच्याआधी शंभर वर्षे याची दोन रूपे रंगवून ठेवली आहेत. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची त्याची कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. त्यातला फिलिअस फॉग 'मंगोलिया' बोटीने मुंबईस येतो आणि रात्री आठची गाडी सुटेपर्यंत शहराकडे ढुंकून पाहत नाही. स्टेशनात जेवावयास बसतो आणि वाढलेला ससा म्हणजे मांजर तर नव्हे, याची चौकशी करतो. त्याचा नोकर पासपार्तू मात्र शहर पाहत भटकतो, मलबार हिलवरच्या देवळात बुटांसह शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि बूट तिथेच गमावून अनवाणी पळत सुटतो. पुढे बऱ्हाणपूरला त्याला सपाता विकत घ्याव्या लागतात. म्हणजे एकाने काहीच पाहिले नाही, आणि दुसऱ्याला पाहण्याची हौस होती पण सांगणारा कोणी नव्हता. देवळाच्या दारात कोणी भला माणूस "बाबा रे, पायांतले काढ" एवढे म्हणता, तर कलकत्त्याच्या कोर्टापर्यंतचे पुढचे सारे रामायण टळले असते. माझ्या धंद्याचे समर्थन मी तिथून सुरू करतो. जाता जाता सांगतो, त्या कादंबरीत आपल्या गावाचा उल्लेख आहे. गाडी रात्रीतून घाट ओलांडते, नाशिक मागे टाकते आणि उजाडते ते खानदेशात. त्या जगप्रसिद्ध प्रवासात नाशिकच्या वाट्याला आली ती एक ओळ, आणि तीही रात्रीच्या अंधारात!

आता सहा तासांचा हिशेब पाहू. बोट सकाळी सातला लागली तरी कागदपत्रे होऊन पाहुणा धक्क्यावर येईपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात. सायंकाळी बोट सुटण्याच्या पुष्कळ आधी तो परत हवा. घारापुरीला जावयाचे तर गेटवेपासून लाँचने तासभर, येताना तासभर. धक्क्यावरून खेळण्यातल्यासारखी एक आगगाडी पायथ्याशी नेते. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोहो बाजूंस माळा, टोप्या, दगडी हत्तींची दुकाने आणि माणसाच्या हातातील खाऊवर डोळा ठेवून बसलेली माकडे. सत्तरीपुढच्या पाहुण्यांसाठी डोल्या असतात. बेटावरची तरणी माणसे त्या खांद्यावर घेऊन चढतात. डोलीत बसताना बहुतेक पाहुण्यांचा चेहरा ओशाळा होतो. तो मला आवडे. हे सारे वजा जाता प्रत्यक्ष लेण्यासाठी उरतो सव्वा तास. सव्वा तासात चौदाशे वर्षे!

त्या लाँचच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगून पुढे जातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' लाँच बुडाली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याआधी किती वर्षे आम्ही पाहुण्यांना "एवढ्याशा अंतराला जाकीट कशाला?" असे हसत सांगत होतो! मी स्वतः सांगितले आहे. सहलीच्या दिवसात सर्वांत आधी विसरले जाते ते हेच, की पाण्यावर चाललो आहोत.

हे झाले वेळेचे. खरा प्रश्न आहे, त्या सव्वा तासात सांगावयाचे काय? मी धंद्यात नवा असताना माझ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने मला पाठ करून दिले होते. मधली ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. उत्पत्ती, स्थिती, लय. सांगावयास सोपे, ऐकावयास गोड, आणि पाहुण्याच्या डोक्यात तीन खाने पाडलेलेच असतात. मी ते सात-आठ वर्षे सांगितले. एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका मूर्तीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारले, "आमच्या डाव्या हाताचा हा चेहरा इतका उग्र का? त्याच्या हाती नाग आहे. तुम्ही सांगता त्या तिघांपैकी हा कोण?" मी काहीतरी ठोकून दिले. काय ठोकले ते इथे सांगण्यासारखे नाही. बाईंनी मान डोलावली, पण डोळ्यांतून कळत होते की त्यांना पटलेले नाही. शिक्षकांना थाप लगेच ओळखू येते, हे आपण सारे शाळेत शिकलोच आहोत.

त्या रात्री मी पुस्तके उघडली. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी हे कधीच सांगून ठेवले होते. ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. उग्र नागधारी मुख अघोराचे, मधले शांत तत्पुरुषाचे, आणि उजवीकडचे, हाती कमळ असलेले सौम्य मुख वामदेवाचे, ज्यात उमेची छाया आहे. ती सदाशिवाची मूर्ती आहे. जवळपास साडेपाच मीटर उंचीच्या त्या दगडात एकाच देवाचा क्रोध, ध्यान आणि लावण्य कोरलेले आहे, आणि मी सात-आठ वर्षे त्याचे तीन तुकडे करून विकत होतो! मला वाईट वाटले ते चुकलो म्हणून नव्हे. "ठाऊक नाही, पाहून सांगतो" हे शब्द त्या बाईंपुढे माझ्या तोंडून निघाले नाहीत, याचे वाईट वाटले. बोट सायंकाळी सुटली. पाहून सांगावयास त्या आता कुठल्या भेटावयाच्या!

आणि हाच या पाहुण्यातला आणि इतर पाहुण्यांतला फरक आहे. तुमच्या घरी नातेवाईक आठ दिवस राहिला, तर पहिल्या दिवशी सांगितलेली चूक चौथ्या दिवशी दुरुस्त करता येते. हा पाहुणा पुन्हा यावयाचा नाही. त्याच्या आयुष्यात घारापुरी आहे ती माझ्या तोंडून ऐकलेली. तेवढीच तो घरी नेणार आणि नातवंडांना सांगणार.

दुसरा प्रश्न हमखास येई, "हे कोणी कोरले?" त्याला तर आमच्याकडे रामबाण उत्तर होते. पांडवांनी! एका रात्रीत! खरे उत्तर असे आहे की निश्चित सांगता येत नाही. बहुतेक विद्वान सहाव्या शतकाकडे आणि कलचुरींकडे बोट दाखवितात, कारण कृष्णराजाची नाणी त्या बेटावर सापडली आहेत. आणि निश्चित का सांगता येत नाही, याची कथा पांडवांच्या कथेहून अधिक चटका लावणारी आहे. लेण्यापाशी एक कोरीव शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठविला. तिकडे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे तो नाहीसा झाला. दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे. मी ही कथा सांगू लागल्यापासून पाहुणे पुढच्या मूर्तीकडे जाण्याची घाई करीनासे झाले. हरवलेल्या दगडाबद्दल ऐकताना माणूस समोरच्या दगडाकडे नीट पाहतो, असा माझा अनुभव आहे.

हे सांगताना मला नेहमी आपले गाव आठवे, आणि खरे सांगतो, लाज वाटे. घारापुरीचा लेख गेला, म्हणून तेथे पांडव आले असे म्हणू. आपल्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांचे काय? तेथे लेख जागच्या जागी आहेत. कोणी कोरविले, कोणाला दिले, खर्चाला कोणते शेत लावून दिले, सारे दगडात लिहिलेले आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री तेथे बोलते आहे. उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा एक यवन तेथे आपले नाव कोरून गेला आहे. एवढे असून आपण त्या बौद्ध भिक्षूंच्या निवासांना पांडवलेणी म्हणतो आणि पाहुण्याला भीमाचे सामर्थ्य सांगतो! नाव रूढ झाले ते असो. गावाच्या जिभेवरचे नाव कोणी काढू नये. पण त्या नावापाशीच पाहुण्याला सोडून देऊ नये.

आगबोटीच्या विषयाशी नाशिकचा संबंध विचारणाऱ्या माझ्या स्नेह्यांना मी त्याच डोंगरावर, दहाव्या लेण्यात नेणार आहे. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तेथे आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने काय काय दान केले याची ती यादी आहे. तीत तीन लाख गाई आहेत, गावे आहेत. पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच नोंदीत. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट उताराच्या नावा ठेवल्या, काठांवर बसण्याच्या जागा आणि पाणपोया घातल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या. दमणा म्हणजे दमणगंगा. दाहनुका या नावात आजचे डहाणू ऐकू येते. गोवर्धन तर आपल्या नाशिकचाच परिसर. म्हणजे कोकणपट्टीच्या खाड्या उतरून सोपारा-भडोचकडे येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूची सोय कोणी केली, याची पावती समुद्रावर नाही, आपल्या उशाशी आहे. वाटसरू कोणत्या धर्माचा, किती दिवस राहणार, काय विकत घेणार, हे त्या यादीत विचारलेले नाही. नाव, पाणी, छप्पर.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातले एक दुखणे सांगून टाकतो. सहा तासांच्या त्या गणितात पाऊण तास एका मोठ्या दुकानासाठी राखून ठेवलेला असे. गालिचे, चांदी, शाली. पाहुण्याने खरेदी केली की गाडीवाल्यापासून गाइडपर्यंत प्रत्येकाचा वाटा. मी घेतला नाही असे म्हणणार नाही. पोरांच्या फिया त्यातून भरल्या आहेत. पण त्या पाऊण तासासाठी कित्येकदा लेण्यातली पंधरा मिनिटे कापली, हे मला बोचते. गावातल्या कारागिराकडून पाहुण्याने वस्तू घेतली तर दोघांचे भले होते. ती वस्तू कोठली, कोणी केली, हे खोटे सांगितले की ते दलालांचे भले होते. बेटावरच्या पायऱ्यांवर टोप्या विकणारी बाई मला या दुकानापेक्षा प्रामाणिक वाटे. निदान तिचा भाव पाहुण्याला घासाघीस करून उतरविता येई.

त्या बाईचे गावही पाहुण्याला क्वचितच कळे. घारापुरीवर तीन वस्त्या आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. मुंबईचे दिवे समोर झगमगत असताना या बेटावर समुद्राखालून विजेची तार पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर सायंकाळी काही तास जनित्र चाले आणि मग काळोख. जागतिक वारशात या लेण्याचे नाव १९८७ सालीच गेले होते. म्हणजे मूर्तीची कीर्ती जगभर झाल्यावर तीस वर्षांनी तिच्या शेजाऱ्यांच्या घरी दिवा लागला. एका पाहुण्याने परतताना सहज विचारले, "ही डोलीवाली माणसे रात्री कोठे जातात?" त्यापूर्वी मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. पुढे मी लाँच धक्क्याला लागताना वस्तीकडे हात करून सांगू लागलो, "हे गाव आहे, लेणे त्यांच्या डोंगरात आहे."

एक फजितीही ऐका. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मुंबईतल्या पोरासोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट एका सहल-कंपनीच्या ध्यानी आली नाही. तिचे नाव घेत नाही. सोमवारी बोट लागली, चाळीस पाहुण्यांच्या हातात घारापुरीची छापील तिकिटे, आणि धक्क्यावर मी एकटा! कंपनीच्या माणसाने मला कानात सांगितले, "समुद्र खवळला आहे म्हणून सांगा." समुद्र त्या दिवशी आरशासारखा होता. चाळीस माणसे तो पाहत उभी होती. मी खरे ते सांगितले. दोघे-तिघे रागावले, रागवावयाचा त्यांना हक्कच होता. मग म्हणालो, "बेट बंद आहे, पण ज्या हत्तीवरून तुमच्या लोकांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती उघडा आहे. चला." त्यांना राणीच्या बागेत नेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेस नेण्यासाठी उचलावयास घेतले, तो कोसळला, तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि १९१४ साली सांधून त्याला पुन्हा उभे केले. पाहुण्यांनी त्याचे सांधे बोटांनी चाचपून पाहिले. रागावलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "बरे झाले तो पडला." त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा क्वचितच लाभला.

आता पंचवटीकडे वळतो. आमच्या आळीत एक तीर्थोपाध्याय राहत. लहानपणी मी त्यांच्या ओसरीवर खेळलो आहे. बाहेरगावचा यात्रेकरू आला की ते गाव विचारीत, आडनाव विचारीत आणि लाल कापडातली लांब वही काढून त्याच्या पणजोबाची सही त्याच्यापुढे धरीत. म्हातारी माणसे त्या अक्षरांवरून हात फिरवीत आणि रडत. त्यांचाही मुक्काम एखाद्या दिवसाचाच असे. पण आपल्यापैकी कोणी इथे पूर्वी येऊन गेले आहे, हे कळताच त्या एका दिवसाला मागे चार पिढ्यांची खोली येई. माझ्या बोटीच्या पाहुण्यांना मी अशी वही कोठून दाखविणार? मला वाटते, खरा इतिहास हीच त्यांच्यापुरती वही. सुएझवरून तुमच्यासारखीच माणसे याच धक्क्याला आली, हा दगड त्यांनी फोडला, हा सांधला. तुमचाही यात हात आहे.

आज पंचवटीतही सहा तासांचेच पाहुणे अधिक. सकाळी रेल्वेने किंवा मोटारीने यावे, रिक्षा ठरवावी, रामकुंड, सीतागुंफा, काळाराम, तपोवन, आणि जेवून त्र्यंबक किंवा शिर्डी. आमचे रिक्षावाले वाक्ये पाठ म्हणतात. मीही तशीच म्हणत होतो, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. नारोशंकराच्या देवळापाशी ते घंटा दाखवितात. ती घंटा समुद्रकाठची आहे, पोर्तुगीजांची, १७२१ सालची. १७३९ साली वसई सर झाल्यावर ती मराठ्यांच्या हाती आली आणि कोकणातून घाट चढून इथे आली. पुराचे पाणी तिच्यापर्यंत चढले की गाव धास्तावते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. काळारामापाशी ते रंगराव ओढेकरांचे नाव घेतात, काळ्या पाषाणाचे कौतुक सांगतात. आणि त्यापुढे गप्प होतात.

मी गेल्या वर्षी एका दुपारी मुद्दाम परगावच्या यात्रेकरूंच्या एका घोळक्यामागून हिंडलो. शूर्पणखेचे नाक कोठे कापले ते सांगून झाले. पण २ मार्च १९३० चा उल्लेख नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही मिरवणुकीने या दारांशी आले आणि दारे बंद झाली. भाऊराव गायकवाड, आपले दादासाहेब, यांनी तो लढा पुढे काही वर्षे चालता ठेवला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यात ही दारे आहेत. हे सांगितल्याने रामाच्या मूर्तीला काही उणेपणा येतो, असे मला वाटत नाही. न सांगितल्याने मात्र पाहुणा अर्धे देऊळ पाहून जातो. घारापुरीच्या लेखाबद्दल आपण पोर्तुगीजांना बोल लावतो. इथे दगड उचलून नेणारा कोणी परका नाही.

२०२७ साली सिंहस्थ आहे. लक्षावधी माणसे येतील, बहुतेक एकेका दिवसासाठी. रस्ते, पूल, पाणी यांची चर्चा वर्तमानपत्रांतून चालू आहे आणि ती चाललीच पाहिजे. उषवदातानेही आधी नावाच ठेवल्या. पण पाहुण्याशी बोलणार कोण आणि काय, याची चर्चा मी फारशी ऐकली नाही. रिक्षावाल्या पोरांना चार दिवस त्रिरश्मीवर नेऊन ते लेख कोणी वाचून दाखविले, तर त्यांना ते आवडतील अशी माझी खात्री आहे. मी त्यांच्यापैकी तिघांना नेऊन पाहिले आहे. उषवदाताच्या फुकट नावांबद्दल ऐकून एकाने विचारले, "मग नावाड्याला पैसे कोण देत होते?" मी म्हणालो, "ठाऊक नाही. पाहून सांगतो." अजून पाहतोच आहे.

माझी वेळ झाली.